मले तिखटच द्या!

मागच्या महिन्यात ऑफिसनं मला पुण्याहून अकोल्याला धाडलं. मीटिंग दुपारीच आटोपली. मग १६९७ चा असदगड पाहिला आणि एसटीनं अमरावती गाठली. २०२२ मध्ये याच महामार्गाच्या एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं होतं. गिनीज विक्रम, भाऊ!

अंबादेवीचं दर्शन घेतलं आणि एका गाडीवर गिला वडा मागितला. दह्यात भिजलेला वडा, वर झणझणीत चटणी. काकांनी विचारलं, "पुण्याचे ना जी? तिखट कमी टाकू?"

लागलं राव. मी तर दर्यापूरचा! माझं बोलणं कधी बदललं, कळलंच नाही.

म्हटलं, "काका, मले तिखटच द्या."

काका हसले आणि चटणी दुप्पट टाकली. डोळ्यांत पाणी आलं. चटणीमुळंच, बरं का!

तुम्ही गावाकडं गेल्यावर कसं बोलता? नक्की कळवा.