काचबिंदू : फळा दिसतो, तरी डोळे दाखवा



शाळेत मी शेवटच्या बाकावरून फळा वाचायचो. आपले डोळे उत्तम, ही घमेंड साठीपर्यंत टिकली. तपासणी म्हणजे चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं, एवढंच. मग जिन्यात पायरी चुकू लागली. रस्त्यात बाजूने येणारा माणूस एकदम समोर उगवू लागला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. दोन्ही डोळ्यांची कडेची बरीच नजर गेली होती. ती परत येत नाही. उरलेली मी थेंबांवर सांभाळतोय.

मोतीबिंदू काढला की पुन्हा दिसतं. इथे तसं नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजते, बहुधा डोळ्यातला दाब वाढल्याने. दुखत नाही, आणि समोरचं अक्षर बराच काळ स्वच्छ वाचता येतं. म्हणून नंबर काढून हा आजार कळत नाही. दाब मोजावा लागतो. दाब ठीक असला तरी बाहुली मोठी करून नस पाहावी लागते.

चाळिशीनंतर धोका वाढतो. आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू, मोठा मायनस नंबर, मधुमेह, स्टिरॉइडचे थेंब दीर्घकाळ घातलेले, यांपैकी काही असेल तर मुळीच चालढकल नको.

धाकट्या भावाला मी बळेच नेलं. त्यालाही सुरुवात होती. आज तो रोज रात्री थेंब घालतो. नजर शाबूत आहे.

आपण सगळेच साठी ओलांडलेले. वर्षातून एकदा डोळे दाखवा, आणि घरी गेल्यावर भावंडांना फोन करा.