ओढ्याला वाट कुठून द्यायची?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा घराघरांत शिरला, माणसं गेली. आपल्या कोरेगावातूनही तिळगंगा वाहते, म्हणून आज हा विषय.

उपाय पुष्कळ सुचवतात. काठाला भिंत बांधली की अलीकडचं घर वाचतं. पण पात्र आवळलं तर पाणी पुढच्या वस्तीवर जोरानं जातं. गाळ काढणं स्वस्त, मात्र ते दर उन्हाळ्यात करावं लागतं. आणि पुलाची मोरीच लहान असेल, तर पाणी तिथंच तुंबतं. वरच्या शिवारात समतल चर, बांध घातले तर पाणी सावकाश उतरतं. मोठ्या पावसात मात्र तेवढ्यानं भागत नाही.

पात्र रुंद करायचं तर काठावरची घरं जातात. पुण्यात जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ, ऐन पावसाळ्यात घरं पाडायला घेतली. न्यायालयानं ती पाडापाडी थांबवली.

म्हणून आमचं म्हणणं असं: आधी मोरी आणि गाळ बघा. पात्रात नवं बांधकाम होऊ देऊ नका. घर हलवायचंच असेल, तर आधी नवं घर हातात, मग जुनं पाडा.

गटाच्या पुढच्या बैठकीआधी आपला ओढा चालून बघा. सगळ्यात अरुंद जागा शोधा, आणि नगरपंचायतीत तीच मांडा.