जैवशाई : तिची घडण आणि तिचे मूळ
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



 विषय ठरला तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी मला सरळच विचारले, ‘‘यंत्रातून मूत्रपिंड छापून मिळणार असेल, तर आपल्या डायलिसिसच्या रुग्णांना किती वर्षे थांबायला सांगावे?’’ या प्रश्नाचे उत्तर मी प्रथमच देतो. कोणालाही थांबायला सांगू नये. प्रत्यारोपण करता येईल असे छापलेले मूत्रपिंड आज जगात कोठेही मिळत नाही. शरीरातील बहुतेक पेशी रक्तकेशिकेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांश अंतराच्या आत असतात; त्याहून दूर गेल्या तर प्राणवायूवाचून मरतात. मूत्रपिंडात तर अशा केशिकांचे जाळे गुंफलेल्या सुमारे दहा लाख गाळण्या असतात. ते जाळे छापून जिवंत ठेवणे अद्याप साधलेले नाही. मग साधले आहे ते काय, हे आज सांगावयाचे आहे.

जिवंत पेशी छापण्याची कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठात थॉमस बोलंड यांनी या शतकाच्या आरंभी कार्यालयात वापरतात तसाच साधा इंकजेट प्रिंटर घेतला, त्यात फेरफार केले आणि शाईच्या जागी पेशी घालून पाहिल्या. पेशी जिवंत उतरल्या. पुढे सॅन दिएगोच्या ऑर्गनोव्हो या कंपनीचे यंत्र 2009 मध्ये तयार झाले. यंत्राची अडचण अशी हळूहळू सुटत गेली. शाईची अडचण मात्र राहिली.

ही अडचण येथे बसलेल्या भगिनींना माझ्यापेक्षा चांगली कळेल. सोऱ्यातून चकली पाडताना पीठ सैल असेल तर चकली पसरते, घट्ट असेल तर तुटते. दाबले की सरसर बाहेर यावे आणि ताटात पडले की आकार धरून राहावे, असे पीठ जमले तरच चकली. जैवशाईचेही नेमके तसेच आहे. भर एवढीच की या पिठात जिवंत पेशी आहेत. दाब जास्त झाला तर त्या फुटतात. उष्णता देऊन, तीव्र रसायन घालून शाई घट्ट करावी तर मरतात. त्यांना ओलावा हवा, अन्न हवे, हलायला जागा हवी. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळा आपापली शाई स्वतःच मळत असे. एकीचा प्रयोग दुसरीला जसाच्या तसा करता येत नसे.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील चाल्मर्स तंत्रविद्यापीठात प्राध्यापक पॉल गाटेनहोल्म हे सेल्युलोजवर, म्हणजे लाकडातील व कापसातील तंतुद्रव्यावर, दीर्घकाळ संशोधन करीत होते. सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू पाण्यात मिसळले की जो लगदा होतो, तो दाबाखाली पातळ होतो आणि दाब सुटताच पुन्हा ताठ राहतो. त्यात त्यांच्या गटाने अल्जिनेट मिसळले. अल्जिनेट तपकिरी सागरी शेवाळापासून मिळते आणि कॅल्शियमच्या द्रावणाचा स्पर्श होताच गोठते. उष्णता नको, तीव्र रसायन नको. या शाईत मानवी कूर्चेच्या पेशी घालून छापल्याचा निबंध 2015 साली प्रसिद्ध झाला. छपाईनंतर पहिल्या दिवशी 73 टक्के आणि सातव्या दिवशी 86 टक्के पेशी जिवंत आढळल्या. याच शाईने त्यांनी मानवी कानाचा आकारही छापून दाखविला.

प्राध्यापकांचे पुत्र एरिक गाटेनहोल्म आणि हेक्टर मार्टिनेझ या दोघा तरुणांनी 2016 मध्ये सेलिंक ही कंपनी काढली. आपला समाज व्यापारी आहे, म्हणून त्यांच्या व्यापारी दृष्टीचाही उल्लेख करतो. तयार, प्रमाणित शाई काडतुसात भरून विकावी आणि सोबत सामान्य प्रयोगशाळेला परवडेल असे छोटे यंत्र द्यावे, ही त्यांची योजना. यंत्र एकदा विकले जाते, शाई पुन्हा पुन्हा लागते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीचे समभाग स्टॉकहोमच्या फर्स्ट नॉर्थ बाजारात आले. पुढे तिने इतर कंपन्या एकामागून एक विकत घेतल्या, 2021 मध्ये समूहाला बिको हे नाव दिले, आणि 2022 मध्ये समभागाचा भाव जोरात कोसळला. उसनवारीवर दुकाने वाढविणाऱ्याचे काय होते, हे आपल्या पेढ्यांना निराळे सांगावयास नको. शाईचे महत्त्व मात्र त्यामुळे कमी होत नाही.

आता माझ्या मते आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. लाकूड आणि शेवाळ यांपासून शाई झाली, हे ऐकून आपणांस समाधान वाटले असेल. वनस्पतीही जीवच आहे, एकेंद्रिय का असेना. ती हिंसा शून्य नव्हे. तरीही पंचेंद्रिय प्राण्याचा घात आणि ही हिंसा यांतील अंतर आपले शास्त्र स्पष्ट मानते. परंतु या शाईची जाहिरात वाचून कोणी ‘अहिंसक तंत्रज्ञान’ असा शिक्का मारू लागला, तर मी त्याला थांबवीन. पेशी सेल्युलोजला सहजासहजी चिकटत नाहीत. शरीरात त्या कोलॅजनला चिकटतात. म्हणून जिलेटिन आणि कोलॅजन यांच्या शायाही सर्रास वापरल्या जातात, आणि ही द्रव्ये बहुधा डुकराच्या व गाईच्या कातडीपासून काढलेली असतात. स्वतः सेलिंकनेही अशा शाया विकल्या. मॅट्रिजेल नावाचे दुसरे एक लोकप्रिय द्रव्य उंदराच्या अर्बुदातून काढतात.

त्याहून कठीण गोष्ट पेशींच्या अन्नाची आहे. प्रयोगशाळेत पेशी वाढविण्यासाठी जो द्रव वापरतात, त्यात पूर्वापार वासराच्या गर्भाचा रक्तद्रव घालतात. कत्तलखान्यात कापलेली गाय गाभण निघाली, तर त्या गर्भाच्या रक्तातून तो मिळवितात. छापलेल्या ऊतीच्या सुंदर छायाचित्राखाली ही ओळ कधी छापलेली नसते. म्हणून केवळ यंत्र पाहून निर्णय देता येत नाही. काडतुसात काय आहे आणि पेशींना काय पाजले, हे विचारावे लागते.

मग यात आशेचे काही आहे की नाही? आहे, आणि ते अवयवांपेक्षा औषधांच्या चाचण्यांत अधिक आहे. ऑर्गनोव्होने 2014 मध्ये छापलेली यकृताची ऊती औषधांची विषारीता तपासण्यासाठी उपलब्ध करून दिली. बंगळुरूच्या पँडोरम टेक्नॉलॉजीज या कंपनीने 2015 मध्ये तशीच ऊती घडविल्याचे जाहीर केले. नखाएवढा तुकडा, पण मानवी पेशींचा. उंदराच्या यकृतापेक्षा आपल्या यकृताचे वर्तन तो काही बाबतींत अधिक जवळून दाखवू शकतो. कायद्यानेही याची दखल घेतली आहे. अमेरिकेत डिसेंबर 2022 च्या कायद्याने नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली आणि पर्यायी पद्धतींत जैवमुद्रणाचा समावेश केला. भारतानेही 2023 मध्ये औषध चाचणी नियमांत दुरुस्ती करून अशा पद्धतींना वाट दिली. सक्ती गेली याचा अर्थ प्राण्यांवरील चाचण्या बंद झाल्या असा मात्र नाही.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी यांच्यासह 2022 मध्ये डोळ्याचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, छापला. त्याची शाई दान मिळालेल्या मानवी कॉर्नियातील पेशी काढून उरलेल्या द्रव्यापासून केलेली होती. नेत्रदानाचे अर्ज भरून घेणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हे ऐकून आनंद होईल. तो पडदा प्रथम सशाच्या डोळ्यात बसविला गेला, हेही सांगितले पाहिजे.

येथे काही विद्यार्थी जैवतंत्रज्ञान शिकत आहेत. व्याख्यानापूर्वी त्यांपैकी एकाने विचारले की गर्भाच्या रक्तद्रवाला पर्याय आहे काय. आहे. एक म्हणजे प्राणिज द्रव्य नसलेले तयार पोषणद्रव. ते महाग पडतात आणि प्रत्येक पेशीला मानवत नाहीत. दुसरा पर्याय मानवी रक्तातील प्लेटलेट्सचा अर्क. रक्तपेढीतील प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात; त्यानंतर त्या रुग्णाला देता येत नाहीत. रक्तदात्यांनी स्वेच्छेने दिलेल्या आणि मुदत उलटलेल्या त्याच पिशव्यांपासून हा अर्क करता येतो, आणि अनेक प्रयोगशाळांत मानवी पेशी आज त्यावर वाढत आहेत.