दीड सेंटिमीटर हाड

मायक्रोटोमचं चाक फिरवून ज्यांचे खांदे भरून आले आहेत असे माझे सहकारी,

अध्यक्षानं व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. मी दीड सेंटिमीटर हाडावर बोलणार आहे. बोन मॅरोचा ट्रिफाइन निदान तेवढा तरी असावा, अशी आपली अपेक्षा. कमरेच्या मागच्या हाडातून जमशीदी सुईनं काढलेला, जाडीला काडेपेटीतल्या काडीएवढा तुकडा. फॉर्मलिनच्या बाटलीत तळाशी पडलेला असतो, शोधावा लागतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका शनिवारी असाच तुकडा मऊ व्हावा म्हणून मी नायट्रिक ॲसिडमध्ये टाकला आणि गाडी पकडायला पळालो. आठवण झाली ती सोमवारी. ब्लॉक लोण्यासारखा कापला गेला; मी खूशही झालो. स्टेन करून पाहतो तर सगळं गुलाबी. केंद्रकांतला डीएनए ॲसिडनं खाल्लेला, हिमॅटॉक्सिलिन धरणार कशाला? इओसिन तेवढा चढला होता. ज्यांचा तो तुकडा होता, ते आजोबा पुन्हा आले. भूल कातडीला आणि हाडावरच्या पापुद्र्याला मिळते. आतला मगज सिरिंजनं ओढताना जी कळ जाते, तिच्यापर्यंत ती पोचत नाही. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मला विचारलं, "पहिला कमी पडला का हो?" मी हो म्हणालो.

तेव्हापासून डीकॅलच्या, म्हणजे हाडातलं कॅल्शियम काढण्याच्या, बाबतीत मी हट्टी आहे. ईडीटीए कॅल्शियमला हळूहळू धरून बाहेर काढतं. पीएच सातच्या आसपास ठेवायचा आणि एक ते तीन दिवस थांबायचं. मग इम्युनोच्या मार्करना प्रतिजनं शाबूत सापडतात, कुणी डीएनएची तपासणी मागितली तर तीही होते. फारच निकड असेल तर फॉर्मिक ॲसिड समजू शकतो. नायट्रिक मॅरोला नकोच, असं माझं मत. काही जण नाराज होतील, होऊ द्यात. "रिपोर्ट कधी?" म्हणून वॉर्डातून येणारा फोन आपण घ्यायचा, हाडानं नाही. आणि मऊ झालं का ते सुईनं टोचून बघू नका, ती भोकं सेक्शनमध्ये उतरतात. वापरलेल्या ॲसिडाची आम्लता अमोनियानं मारा, वर अमोनियम ऑक्झलेट घाला. गढूळलं तर कॅल्शियम अजून निघतंय.

ट्रिफाइनवर लोहाचा पर्ल्स स्टेन कोरा आला म्हणून मॅरोत लोह नाही, असं कुणाला सांगू नका. डीकॅलमध्ये लोहही धुऊन जातं. ती परीक्षा ॲस्पिरेटच्या, कण असलेल्या स्मिअरवर करायची.

आता पिशवीची तक्रार. फॉर्मलिनची बाटली आणि न रंगवलेले स्मिअर एकाच पिशवीतून येतात. झाकण किंचित ढिलं असलं तरी वाफ लागते, आणि लिशमनचे रंग हिरवट-निळे, मळके होतात. विल्यम लिशमन यांनी १९०१ साली बसवलेली रीत आपण आजही जवळजवळ तशीच वापरतो, पण पिशवीपुढे तिचंही काही चालत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात आणखी भर: स्मिअर लवकर सुकत नाही, उघड्या बाटलीतलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तांबड्या पेशींत चमकणारी छिद्रं दिसू लागतात. नवीन मुलं स्टेनची बाटली बदलत बसतात. बदलायचं असतं मिथेनॉल.

रेटिक्युलिन स्टेनबद्दल एवढंच: अमोनियाचं चांदीचं द्रावण दर वेळी ताजं करा आणि उरलेलं लगेच निकामी करून टाका. साठवलेलं वाळलं तर स्फोट होऊ शकतो.

जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या टेबलावर तीन ब्लॉक ठेवले आहेत: एक कच्चा राहिलेला, एक नेमका जमलेला, एक माझ्या त्या शनिवारसारखा. चिठ्ठ्या लावलेल्या नाहीत. दोन-तीन मायक्रॉनवर चाक फिरवा आणि कान द्या. कच्चा खरखरेल, पहिल्याच फेरीत कळेल. उरलेले दोन मात्र सारखेच मऊ कापले जातील. त्यासाठी शेजारी हिमॅटॉक्सिलिन ठेवलंय.