मलमूत्रविसर्जनाचे विकार आणि घरची शुश्रूषा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला-शाखेतर्फे दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय मी चिटणीसांना कळविला तो पूर्ण शब्दांत. निमंत्रणपत्रिकेवर मात्र तो ‘गृहशुश्रूषा’ एवढाच छापला गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या गोष्टीचे नाव चारचौघांत घ्यावयाचे नाही असे लहानपणापासून आपल्या मनावर बिंबविलेले असते, तिचे नाव गणपतीच्या चित्राखाली कसे छापावे, हा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु घरातील एखादे माणूस अंथरुणास खिळले की लघवी आणि शौच ह्यांचीच व्यवस्था दिवसरात्र पाहावी लागते. ह्या विकारांत जितके नुकसान रोग करतो, जवळजवळ तितकेच संकोच करतो, एवढे एकच सूत्र मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आपल्या मंडळाचा जमाखर्च दरवर्षी स्मरणिकेत छापला जातो आणि सभासद तो बारकाईने वाचतात. शरीराचाही असाच जमाखर्च आहे. आपली दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातील बहुतेक सारा परत रक्तात घेतात आणि सुमारे दीड लिटर मूत्ररूपाने बाहेर टाकतात. प्रौढ माणसाची दिवसाची लघवी ४०० मिलिलिटरांच्या खाली गेली तर ती धोक्याची सूचना समजावी. म्हणून रोग्याच्या उशाशी एक वही ठेवावी. किती पाणी, चहा, पेज पोटात गेली. किती लघवी झाली, तिचा रंग कसा. शौचास केव्हा व कसे झाले, हे वेळेसह लिहावे. मापासाठी जुन्या बाटलीवर रेघा मारल्या तरी पुरे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिले, त्यात रोग्याच्या निरीक्षणास एक स्वतंत्र प्रकरणच दिले आहे. “बरे आहे” ह्या उत्तरापेक्षा वहीतील चार आकडे डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडतात.

आता पहिला संकोच पाहू, तो रोग्याचा. रात्री सुनेला हाक मारावी लागू नये म्हणून कित्येक वृद्ध सासूबाई दुपारपासूनच पाणी सोडतात. लग्नकार्यात, प्रवासात आपल्या भगिनी तासन्‌तास लघवी अडवून धरतात. पाणी कमी पडले की लघवी गडद होते, मूत्रमार्गात जंतूंना फावते आणि मळही कोरडा होऊन खडा धरतो. ह्यावर उपाय साधे आहेत. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी दिवसा भरपूर द्यावे, निजण्यापूर्वी दोन तास कमी करावे. भांडे खाटेजवळ, हाताच्या अंतरावर असावे. वाटेवर मंद दिवा असावा. हाताशी एखादी लहान घंटा असावी. मुख्य म्हणजे हाक आल्यावर चेहऱ्यावर आठी नसावी. ती आठी रोगी पाहतो आणि दुसऱ्या दिवशी एक पेला पाणी कमी पितो.

लघवीला वारंवार लागणे, जळजळ, दुर्गंधी, ओटीपोटात दुखणे ही मूत्रमार्गाच्या जंतुविकाराची लक्षणे होत. थंडी वाजून ताप आला किंवा कंबरेच्या वर पाठीत कळा येऊ लागल्या तर विकार मूत्रपिंडापर्यंत पोचला असण्याचा संभव असतो. तेव्हा विलंब करू नये. वृद्धांत कधीकधी ताप येतच नाही, केवळ गुंगी येते किंवा बोलणे असंबद्ध होते. धन्याचे पाणी, बार्लीचे पाणी खुशाल द्यावे, परंतु ते औषधाच्या जागी नव्हे. आणि दिलेल्या गोळ्या बरे वाटू लागले म्हणून मध्येच थांबवू नयेत. मुलींना धुण्यापुसण्याची दिशा पुढून मागे असावी, हे आईने वेळीच शिकवावे.

पुरुषांत पन्नाशीनंतर पौरुषग्रंथी, जिला आपण प्रोस्टेट म्हणतो, ती वाढू लागते. धार बारीक होते, रात्री चारचारदा उठावे लागते. लघवी थेंबथेंब होत आहे म्हणजे मूत्राशय रिकामे होत आहे, असे मात्र समजू नये. भरून वाहणाऱ्या घागरीतूनही थेंबच गळतात. लघवी एकाएकी बंद होऊन ओटीपोट फुगले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

नळी घातलेला रोगी घरी आला तर चार नियम पाळावे. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर असावी, पण जमिनीला टेकू नये. नळीला पीळ वा ताण नसावा. नळीपाशी हात लावण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत, आणि नळीलगतचा भाग रोज साबणपाण्याने स्वच्छ करावा. चौथा नियम असा की नळी आपण होऊन ओढून काढू नये. तिच्या आतल्या टोकाशी पाण्याने फुगविलेला फुगा असतो.

मूत्रपिंडे मंदावलेल्या रोग्याच्या बाबतीत मात्र वरचा पाण्याचा नियम उलटतो, आणि येथेच आपले प्रेम घात करते. पाय सुजलेले, दम लागलेला, आणि भेटीस आलेले नातलग हौसेने शहाळी घेऊन येतात! नारळपाण्यात पोटॅशियम पुष्कळ असते; ते बाहेर टाकण्याची शक्ती अशा मूत्रपिंडांत उरलेली नसते, आणि रक्तात ते साचले तर हृदयाची गती बिघडते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठातही बहुधा तेच असते. अशा रोग्यास पाणी, मीठ, फळे डॉक्टरांनी ठरविलेल्या मापानेच द्यावीत. रोज सकाळी लघवीनंतर, चहापूर्वी वजन करावे. एका रात्रीत किलोभर वजन वाढले तर ते अंगी लागलेले अन्न नव्हे, साठलेले पाणी असते. मधुमेह आणि रक्तदाब हे मूत्रपिंडांचे मोठे शत्रू. तेव्हा ते आटोक्यात ठेवावेत आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

आता शौचाविषयी. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा आणि कष्टाने शौचास होत असेल तर त्यास बद्धकोष्ठ म्हणावे. पालेभाजी, कोंड्यासह भाकरी, पाणी आणि झेपेल तेवढी हालचाल हे पहिले औषध. सकाळच्या चहा-न्याहारीनंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते. ती वेळ साधून रोग्यास बसवावे, पायांखाली पाट द्यावा, दार लोटून घ्यावे आणि घाई करू नये. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे. एरंडेलाचा नित्य मारा नको. एनिमाही सल्ल्यावाचून नको. येथे एक फसवे लक्षण सांगते. आठवडाभर शौच न झालेल्या वृद्धाचे कपडे अचानक पातळ मळाने भरू लागले तर घरचे त्यास अतिसार समजून जुलाब बंद करण्याची गोळी देतात. वास्तविक आत मळाचा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ पाझरत असतो. अशा वेळी ती गोळी अपाय करते. वही लिहिलेली असेल तर ही चूक होत नाही. शौचातून रक्त जाणे किंवा शौच डांबरासारखे काळे होणे, हे डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे. लोहाच्या गोळ्या चालू असल्यास तेही सांगावे.

खऱ्या अतिसारात मनुष्य दगावतो तो बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबिस ह्यांनी मीठ, ग्लुकोज व सोडा ह्यांचे पाणी पिंपात करून ठेवले आणि ते रोग्यांच्या नातेवाइकांकरवीच पाजविले. शेकडा तीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चारच्या खाली आले. ज्यांच्या हातांनी हे घडले ते आपल्यासारखेच घरचे लोक होते! आज त्याच द्रवाची पुडी मिळते. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ती विरघळवावी. ती हाताशी नसल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजावे. तान्ह्या मुलास आईचे दूध चालूच ठेवावे.

दुसरा संकोच शुश्रूषा करणाऱ्याचा. ह्याविषयी ज्ञातीच्या व्यासपीठावरून स्पष्ट बोलले पाहिजे. विष्ठेचे काम आपण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या माथी मारले आणि ते काम करणाऱ्यांनाच हीन ठरविले. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले आणि रमाबाई रानडे ह्यांच्या पुढाकाराने तेथील स्त्रिया परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा परक्याची मलमूत्रे काढणे कुलीन स्त्रीला शोभत नाही असेच म्हटले गेले. आज परिचारिकेस आपण मान देतो. पण घरात हे काम अजूनही एकट्या सुनेचे मानतो. मुलाने वडिलांचे भांडे उचलले तर त्यात कमीपणा कसला? दर दोन तासांनी रोग्यास विचारणे, भिजलेले वस्त्र तत्काळ बदलणे, कातडी धुऊन हलकेच कोरडी करणे, कूस पालटणे, एवढे केले तर बरीच शय्याव्रणे टळतात. आणि हे एका माणसाच्या हातून दिवसरात्र होत नाही. कपडे खराब झाल्याबद्दल मात्र रोग्यास कधीही बोलू नये. ज्याने आयुष्यभर घर पोसले त्याची लाज राखणे, हा शुश्रूषेचाच भाग आहे.

शेवटी कार्यकारिणीस एक विनंती. कमोडची खुर्ची, बेडपॅन, लघवीचे भांडे, हवेची गादी ह्या वस्तू प्रत्येक कुटुंबास काही महिनेच लागतात आणि पुढे माळ्यावर पडून राहतात. मंडळाने त्या जमवून, निर्जंतुक करून, गरजूंना वापरावयास देणारी एक साहित्यपेढी सुरू करावी. आणि मंडळाच्या सभागृहातील शौचगृहात वृद्धांसाठी पकडीचे दांडे व एक कमोड बसवावा. म्हणजे आपली वडीलधारी माणसे पुढल्या संमेलनास पाणी पिऊन, निर्धास्तपणे येतील.