संबंध नेमका कोणाशी?

(बँकेत नव्याने रुजू झालेल्या तरुण अधिकाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मोठ्या उद्योगांशी बँकेचे संबंध सांभाळणारा अधिकारी म्हणजे रिलेशनशिप मॅनेजर. मी पत्रकार, कर्जाचे प्रस्ताव कधी लिहिले नाहीत, बुडालेल्या कर्जांच्या बातम्या मात्र पुष्कळ लिहिल्या. त्या अधिकाराने एकच प्रश्न विचारतो : हा संबंध नेमका कोणाशी?

१९१० साली औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिले, कर्जही दिले. माणूस पारखून दिले. ती पारख आपल्यालाही हवीच. परंतु राजेसाहेब आपल्या संस्थानचे धन देत होते. आपण देता तो पैसा एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या मुदत ठेवीतला असतो. तो शिक्षक आपल्या दालनात कधी येत नाही. उद्योगपती येतो, चहापान होते, दिवाळीला मिठाई येते. संबंध जडतो तो त्याच्याशीच.

कंपनीकडून दरमहा स्टॉक स्टेटमेंट येते. मालाच्या किमतीतून पुरवठादारांचे देणे वजा करायचे, त्यात ग्राहकांकडील येणे धरायचे, ठरलेले मार्जिन सोडायचे; उरेल तेवढीच उचल. कागदावरचे हे गणित सहसा चुकत नाही. गोदामात मात्र तोच माल तीन महिने त्याच कोपऱ्यात धूळ खात असतो. फाटकावरच्या पहारेकऱ्याला आणि ट्रकवाल्याला कोणाचे पैसे किती दिवस थकले ते ठाऊक असते. त्यांना विचारायला कोण जातो?

हप्ता थकून ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक ठरते. हा निकष मार्च २००४ पासूनचा. तो टाळण्यासाठी जुने कर्ज फेडायला नवे द्यायचे, या प्रकाराला ‘एव्हरग्रीनिंग’ म्हणतात. नाव मोठे प्रसन्न आहे! २०१५ साली रिझर्व्ह बँकेने मालमत्तेच्या दर्जाची कसून तपासणी आरंभली आणि ही हिरवळ वाळली. मार्च २०१८ मध्ये बँकांची अनुत्पादित कर्जे ११ टक्क्यांपलीकडे गेली होती. त्याआधीच, ऑक्टोबर २०१७ मध्ये, सरकारी बँकांसाठी २ लाख ११ हजार कोटींच्या भांडवलाची घोषणा करावी लागली. भार अर्थातच करदात्यावर.

माझ्या परिचयाच्या एका अधिकाऱ्याने अहवालात एवढेच लिहिले होते : ‘गोदामातील माल हललेला दिसत नाही.’ वरिष्ठ नाराज झाले, महिन्याभरात बदली झाली. पुढे ते खाते बुडाले. वसुलीच्या दाव्यासाठी बँकेने जुनी फाईल उघडली, तेव्हा तिच्यात कामाचा असा एकच कागद निघाला.