सर्रा : गुरांच्या रक्तातला परजीवी आणि आपण

सन २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका खेड्यात, गुराढोरांत वावरणाऱ्या एका शेतकऱ्यास कित्येक महिने चढउतार करणारा ताप येत राहिला, आणि त्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर हिवतापाच्या जंतूऐवजी तांबड्या पेशींच्या अधेमधे पडलेला, चाबकाच्या दोरीसारखा लांबट परजीवी दिसला. हा ट्रायपॅनोसोमा इव्हान्सी, गुरे, घोडे व उंट यांना सर्रा रोग जडविणारा. माणसास तो बाधल्याची ही पहिली खात्रीची नोंद मानली जाते.

याचाच भाऊबंद ट्रायपॅनोसोमा क्रूझी दक्षिण अमेरिकेत चागास रोग घडवितो. ब्राझीलच्या कार्लोस चागास यांनी १९०९ साली वर्णिलेला हा परजीवी ढेकणासारख्या रक्तपिपासू कीटकाच्या विष्ठेतून शिरतो, शंभराहून अधिक सस्तन प्राण्यांत नांदतो आणि त्याचे सहा मुख्य आनुवंशिक वंश असून त्यांतले दोन तर संकरातून निपजले आहेत. आपल्याकडील सर्र्याचा परजीवी याच्या उलट, बहुतेक सर्वत्र एकाच साच्याचा. कीटकाच्या शरीरात वाढण्यास लागणारी आनुवंशिक सामग्री त्याने गमावली आहे, म्हणून मुख्यतः गोमाशीच्या सोंडेला लागलेल्या ताज्या रक्तावर एका जनावराकडून दुसऱ्याकडे त्याचा प्रवास चालतो.

मग माणसास बाधा होण्यात आनुवंशिक वैविध्य महत्त्वाचे ठरले ते कोणाचे? त्या शेतकऱ्याचे! मानवी रक्तातील अपोलिपोप्रोटीन एल-१ नावाचे प्रथिन एरवी या परजीवीचा नाश करते, परंतु त्या शेतकऱ्याच्या ठायी ते घडविणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. पुढे त्या गावच्या १,८०६ लोकांची रक्ततपासणी झाली, तीत अनेकांत प्रतिद्रव्याच्या खुणा आढळल्या, पण अधिक तपासलेल्यांपैकी कोणाच्याही रक्तात परजीवी सापडला नाही. तथापि व्हिएतनाममध्ये नंतर आढळलेल्या रुग्णाचे हे जनुक शाबूत होते, त्यामुळे केवळ या नैसर्गिक तटबंदीच्या भरवशावर राहणे मला योग्य वाटत नाही.

विदर्भात पावसाळ्यात आणि त्यानंतर गोमाश्यांचा सुळसुळाट होतो. त्या दिवसांत घोडा वा बैल वारंवार तापला, त्याच्या पायांवर सूज आली, तो खंगू लागला, गोल गोल फिरू लागला, तर हयगय न करता पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन, ताप चढलेला असतानाच, कानाच्या टोकाचे रक्त तपासून घ्यावे. म्हशी पुष्कळदा धडधाकट दिसूनही परजीवी बाळगतात, याचे मला विशेष भय वाटते. एकच सुई अनेक जनावरांना टोचू नये. कत्तलीचे कच्चे मांस कुत्र्यांपुढे टाकू नये. आणि हाताला जखम असेल तर ती झाकल्याविना जनावराच्या रक्ताला, वासराच्या जन्मसमयी देखील, स्पर्श करू नये. गुरे सांभाळणाऱ्याचा ताप हिवतापाच्या तपासणीनंतरही उलगडला नाही, तर त्याने डॉक्टरांना आपल्या गोठ्याची हकीकत आवर्जून सांगावी आणि रक्ताची काचपट्टी या परजीवीसाठीही पाहावयास विनंती करावी.